डहाणू रोडच्या कॉफीला किती मार्क

डहाणूला जाऊन आले म्हटलं की आमच्या सांगलीत पहिला प्रश्न येतो, चिकू आणले का. आणले, दोन डझन. वाटून संपलेही. पण तिकडे मी गेले होते कशाला, हे अजून एकालाही धड सांगता आलेलं नाही. सांगायला लागले की ऐकणारा मध्येच विचारतो, "म्हणजे तुम्ही चार दिवस स्टेशनवर कॉफी पीत बसला होतात?" एका अर्थाने हो. म्हणून म्हटलं, एकदा सगळं क्रमाने लिहूनच काढावं.

बत्तीस वर्षं मी मुलींच्या शाळेत गणित शिकवलं. गेल्या वर्षी निवृत्त झाले. माझ्या बहिणीचा मुलगा निखिल पुण्यात एका कंपनीत आहे. दुकानात, हॉटेलात गिऱ्हाइकाशी कसं वागतात हे बघायला ही कंपनी साधी माणसं गिऱ्हाईक म्हणून पाठवते. समोरच्याला पत्ता लागू द्यायचा नाही. आपण खायचं, प्यायचं, बघायचं आणि घरी येऊन तक्ता भरून द्यायचा. निखिल म्हणाला, "मावशी, तुझ्याइतकं काटेकोर माणूस मला मिळणार नाही. डहाणू रोड स्टेशनवर एक कॉफीचं दुकान आहे. तीन दिवस जायचं. समुद्रही बघून होईल." मला समुद्र बघायचा होता. शिवाय पेपर तपासायची सवय हातातून गेली नव्हती. मी हो म्हटलं.

तक्ता निखिलने माझ्यासाठी मुद्दाम मराठीत करून घेतला. तीस प्रश्न, प्रत्येकाला एक मार्क.

मंगळवार, डहाणू रोड

डहाणूतल्याच मसोलीत एका धान्याच्या दुकानावरच्या खोलीत मी उतरले. घरमालकीणबाई एकाच वाक्यात तीन भाषा बोलत. "बेन, गरम पाणी सुबह छ वाजता, पछी नाही मिळणार." आमच्याकडे मिरजेत कानडी आणि मराठी अशा एकत्र नांदतात, त्यामुळे मला फार परकं वाटलं नाही. फक्त 'पछी' म्हणजे नंतर, हे कळेपर्यंत सकाळचं गरम पाणी गेलं.

अकराच्या सुमाराला स्टेशनवर पोचले. दुकान म्हणजे फलाटावरची एक चकचकीत टपरीच. काचेचं कपाट, त्यात केक आणि पफ, कॉफीचं यंत्र, आणि समोर तीन उंच टेबलं, दोन खुर्च्या. आत एक तिशीची बाई. छातीवरच्या बिल्ल्यावर नाव, रमिला.

"एक कॉफी द्या," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे एकदा बघितलं, मागे वळली आणि माझ्यासमोर चहा ठेवला.

"मी कॉफी सांगितली होती."

"कॉफी आत्ता नका घेऊ," ती म्हणाली. "दूध पहाटेचं आहे. कॉफीत कळतं ते. चहाला चालेल, आलं टाकलंय."

मी चहा घेऊन टेबलापाशी बसले आणि माझ्या वहीकडे बघत राहिले. प्रश्न चार: मागितलेला पदार्थ मिळाला का? नाही. प्रश्न पाच: न मिळाल्यास कारण नम्रपणे सांगितले का? कारण सांगितलं होतं, खरं होतं, माझ्या भल्याचं होतं. पण नम्रपणे? तिच्या आवाजात नम्रपणा नव्हता आणि उर्मटपणाही नव्हता. भाजीवाली "आज मेथी नको, जून आहे" म्हणते, तसा तो आवाज होता. याला शून्य द्यायचा की एक, हे मला ठरवता येईना.

थोड्या वेळाने बॅग घेतलेला एक माणूस धावत आला. "दोन कॉफी, जल्दी."

"कोणती गाडी?" रमिलाने विचारलं.

त्याने सांगितलं.

"ती पुलाच्या पलीकडे लागते. कॉफी होईस्तोवर जाईल तुमची गाडी. आधी पळा."

तो पळाला. प्रश्न अकरा होता: कर्मचाऱ्याने ग्राहकाला आणखी एखादा पदार्थ घेण्यास सुचवले का? इथे तर आलेलं गिऱ्हाईक हाकलून लावलं होतं. मी घड्याळ बघून वेळ टिपली आणि शेजारी काहीच लिहिलं नाही.

एक वाजता तिने शटर अर्धं खाली ओढलं, 'पाच मिनिटांत येते' अशी पाटी अडकवली आणि निघून गेली. ती परत आली तेव्हा पंचवीस मिनिटं झाली होती आणि शटरपुढे सात माणसं उभी होती. एकालाही तिने काही सांगितलं नाही. हात पुसले आणि कामाला लागली. मी तोवर चांगलीच तापले होते. शाळेत मधल्या सुट्टीनंतर पाच मिनिटं उशिरा येणाऱ्या मुलीला मी दाराबाहेर उभी करत असे.

संध्याकाळी खोलीवर बसून बेरीज केली. तीसपैकी अकरा.

बुधवार, आगर

सकाळी रिक्षाने आगरला गेले. किनाऱ्यावर बांबूच्या लांबच लांब वलांड्यांवर बोंबील वाळत घातले होते, दोन-दोन जबड्यात जबडा अडकवून. आमच्या घरी मासा शिजत नाही, त्यामुळे तो वास मला पहिली दहा मिनिटं जड गेला, मग नाक रुळलं. जाळं दुरुस्त करत बसलेल्या एका आजोबांना मी विचारलं, "इथे खायला काय मिळेल?" ते म्हणाले, "काय पायजे?" मी म्हटलं, "भाकरी." त्यांनी हाक मारली, घरातून सून तांदळाची भाकरी आणि वांग्याचं भरीत घेऊन आली. ती खाणावळ आहे असं समजून मी नीट मांडी घालून बसले, दुसरी भाकरीही मागितली. निघताना किती झाले विचारलं तेव्हा ती सून माझ्याकडे बघतच राहिली. ते घर होतं. मी इतकी ओशाळले की माफी मागायची सोडून भाकरी छान होती असं तीनदा म्हणाले.

ज्वारीची भाकरी तोडताना मोडते, ही घडी घातली तरी मोडत नव्हती. एवढं मात्र नीट लक्षात आहे.

दुपारी पुन्हा स्टेशन. एक वाजता पुन्हा शटर, पुन्हा तीच पाटी. आज माझ्या शेजारच्या खुर्चीवर पांढरा सदरा घातलेले एक म्हातारे गृहस्थ बसले होते. हसमुखकाका म्हणतात त्यांना सगळे. मी त्यांना म्हटलं, "ही बाई रोज अशीच जाते का हो?"

"जाते ने. पछी आवशे. बसा ना तुम्ही, घाई काय आहे?"

ती आल्यावर काकांनी कॉफी मागितली. तिने पाऊण पेला गरम पाणी, त्यात रंगापुरती कॉफी आणि चमचाभर दूध असं काहीतरी त्यांच्यापुढे ठेवलं. साखर नाही. काकांनी एक घोट घेतला आणि तिला गुजरातीत पुष्कळ बोलून घेतलं. ती कपाट पुसत ऐकत राहिली.

"तीन वरसांपासून अशी खराब कॉफी पितो मी इथे," काका मला म्हणाले.

"मग का पिता?"

"घरी याच्याहून खराब मिळते. डॉक्टरने साखर बंद केली, तेव्हापासून माझी सून आणि ही बाई फोन करीने एकमेकींशी बोलतात."

मी वही उघडली, मिटली. प्रश्न सतरा: ग्राहकाच्या तक्रारीचे निवारण केले का?

त्या दिवशी मी इतकी गोंधळले होते की निघताना तक्त्याची फाइल टेबलावरच राहिली. खोलीवर पोचून पिशवी उलटी केली तेव्हा कळलं. वरच्या पानावर ठळक अक्षरांत 'गोपनीय' लिहिलेलं होतं. मी निखिलला फोन केला. तो म्हणाला, "मावशी, तिने वाचलं असेल तर सगळा अहवाल रद्द. नियमच आहे. पण कदाचित वाचलं नसेल. उद्या जा, बघ."

गुरुवार, पुन्हा डहाणू रोड

मी गेले तेव्हा फाइल काउंटरखाली होती, केकच्या प्लास्टिक पिशवीत नीट गुंडाळलेली. रमिलाने ती माझ्या हातात दिली आणि ती हसली.

तीन दिवसांत ती पहिल्यांदा हसत होती. 

"सुप्रभात मॅडम," ती म्हणाली. "काय घेणार? कॉफीबरोबर गरम पफ देऊ का?"

दूध ताजं होतं. कॉफी तीन मिनिटांच्या आत आली, खाली कागदी रुमाल होता, शेजारी साखरेची पुडी. पुढच्या गिऱ्हाइकालाही तेच. त्याच्या पुढच्यालाही. प्रत्येकाला शेवटी "आपला दिवस छान जावो." एक वाजता शटर खाली आलं नाही. हसमुखकाकांना तिने "सुप्रभात सर" म्हटलं, तेव्हा काका तिला बरं आहे का विचारायला लागले. मी तक्ता आठवून मनातल्या मनात मार्क देत होते. सव्वीस. माझ्या हुशारातल्या हुशार मुलीनेही एका रात्रीत इतकी प्रगती केली नव्हती.

अडीचच्या सुमाराला गर्दी ओसरली. तिचा चेहरा पांढराफटक दिसत होता. मी काउंटरपाशी गेले.

"बसा जरा," मी म्हटलं. "जेवलात का?"

तिने नाही म्हणून मान हलवली. मग म्हणाली, "उद्या माझी सुट्टी आहे. तलासरीकडे घर आहे आमचं. याल का?"

 तिने फाइल वाचली की नाही, मला माहीत नव्हतं. वाचली असेल तर हे आमंत्रण कशाचं, तेही माहीत नव्हतं. निखिलला विचारलं तर तो म्हणाला, "अजिबात जाऊ नकोस." आगरला मी न बोलावता एका घरी जेवून आले होते. इथे बोलावणं होतं आणि जायची मनाई होती.

मी तिला म्हटलं, "येते."

शुक्रवार, तलासरी

स्टेशनबाहेरून शेअरची इको गाडी मिळाली. तीन जणांच्या सीटवर चौथा बसवल्याशिवाय ती हलत नाही, हे आमच्याकडच्या वडापसारखंच. सरावली मागे पडलं आणि चिकूच्या वाड्या संपल्या. मग कापणी झालेली शेतं, बांधांवर ताडाची झाडं, लांबवर डोंगर. माझ्या शेजारच्या बाईने मला काहीतरी विचारलं. तिची बोली मला अर्धीच कळली. मी "सांगली" म्हटलं, ती "चांगली" समजली आणि मोठ्या समाधानाने हसली.

तलासरीला हायवेवर गुजरातकडे जाणाऱ्या ट्रकांची रांग. रस्त्याच्या कडेला जाळात मडकी उपडी घातलेली, आत पापडी, रताळी, कंद आणि रानातला पाला. याला उबाडियू म्हणतात. रमिला मला न्यायला तिथे आली होती. तिने द्रोणभर उबाडियू माझ्या हातात दिलं. पापडीला धुराचा आणि ओव्याचा वास होता. आमच्या हुरड्याइतकं ते मला आवडलं, असं मी सांगलीत म्हणणार नाही, पण आवडलं.

तिचं घर हायवेपासून आत, अर्ध्या तासाच्या चालीवर. कुडाच्या भिंतींना नवीन विटांची एक खोली जोडलेली. नवरा वापीला कारखान्यात, आठवड्याने येतो. घरी तिची आई. आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढलेला. तिने माझा हात धरून चाचपला, "बस, बाय," म्हणाली आणि पाट सरकवून दिला. नाचणीची भाकरी, तिला इथे नागली म्हणतात, उडदाची डाळ, आणि माझ्यासाठी वेगळी केलेली भोपळ्याची भाजी. मी मासे खात नाही हे मी कोणालाही सांगितलेलं नव्हतं.

"तुला कसं कळलं?" मी विचारलं. कधी अहोवरून तूवर आले, माझ्या लक्षात आलं नाही.

"परवा साडीला आगरच्या बोंबलाचा वास होता, तुम्ही सारखा पदर हुंगून नाक मुरडत होतात."

मग भाकरीचा तुकडा मोडत ती शांतपणे म्हणाली, "बाई, मी कागद वाचला. मराठीतच होता."

मी हातातला घास ताटात परत ठेवला. "मग काल ते सगळं..."

"काल करून बघितलं. काय काय विचारतात ते कळल्यावर वाटलं, जमतंय का बघू. जमलं. पण दिवसभर पाणी नाही प्यायले मी. पाणी प्यायलं की जावं लागतं, आणि जायचं तर शटर ओढायला लागतं." तिने माझ्या ताटात डाळ वाढली. "माझ्याबरोबर अजून एक माणूस पाहिजे, असं कंपनीच्या कागदावर आहे. दीड वर्ष झालं, दिलेलाच नाही. एक वाजता मी जेवते आणि जाऊन येते. पंचवीस मिनिटं लागतात. पाटीवर पंचवीस लिहिलं तर साहेब ओरडतात."

मी शाळेत सलग पाच तास घेतलेले आहेत. तेव्हा मीही सकाळी पाणी पीत नसे. तरी मंगळवारी मी घड्याळ लावून बसले होते.

"म्हणजे तू परवा, कागद वाचल्यावर मला ओळखलंस," मी म्हटलं.

"नाही. मंगळवारीच. वर्षातून दोनदा येतं कुणीतरी. एकटं असतं, गाडी पकडत नाही, सारखं घड्याळ बघतं."

"मग ओळखूनसुद्धा मला कॉफीऐवजी चहा दिलास?"

"दूध चांगलं नव्हतं," ती म्हणाली, जणू मला एवढं साधं कळायला हवं होतं.

तिची आई चुलीपाशी बसून आमच्या आवाजांकडे आळीपाळीने तोंड वळवत होती. रमिलाने मग तिचं मागणं सांगितलं. मी मनात तयारी केली होती की ती चांगले मार्क मागेल. तिने ते मागितले नाहीत.

"फार चांगलं लिहू नका. माझ्या आधी इथे एक बाई होती, तिला खूप मार्क पडले. तिला मुंबईच्या मोठ्या स्टेशनवर टाकलं. मान म्हणून. दोन महिन्यांत नोकरी सोडून परत आली. मी आईला टाकून जाऊ शकत नाही, आणि नोकरीही सोडू शकत नाही. निम्म्यापेक्षा कमी पडले तर काढतात. म्हणून मधलं लिहा. मंगळवारचे किती झाले?"

"अकरा."

"आणि कालचे?"

"सव्वीस."

"मग दोन्हींची बेरीज करून निम्मे करा. साडेअठरा. तुम्ही गणिताच्या बाई आहात ना, फाइलमध्ये लिहिलंय. सरासरी चुकीची तर नसते."

चुकीची नव्हती. मी बत्तीस वर्षं हेच शिकवलं होतं. पण एका दिवशी ती स्वतःसारखी वागली होती आणि दुसऱ्या दिवशी तक्त्यासारखी. त्या दोघींची सरासरी म्हणजे कोण, हे मला कळेना. आणि ठरवून मार्क मी कधी दिले नव्हते, माझ्या भाचीलाही नाही. समोर भाकरी होती, आंधळी होत चाललेली आई होती, आणि मला हो म्हणता येईना, नाहीही म्हणवेना.

"बघते," मी म्हटलं.

रमिलाने माझं ताट उचललं. "आमच्याकडे बघते म्हणजे नाही," ती म्हणाली.

तिने मला हायवेपर्यंत सोडलं, गाडीत बसवलं, ड्रायव्हरला मसोलीत उतरवायला सांगितलं, चिकूची पिशवी मांडीवर ठेवली. माझ्याशी मात्र एक शब्द बोलली नाही.

सांगली

घरी आल्यावर चार दिवस तो तक्ता माझ्या टेबलावर पडून होता. एकदा मी साडेअठरा लिहिलं आणि खोडलं. एकदा अकरा लिहिलं आणि कागद उपडा ठेवला. ती मला मंगळवारीच ओळखून होती, म्हणजे नियमाप्रमाणे माझा एकही दिवस धरता येत नव्हता. हे खरं होतं. पण मी अवघड प्रश्न सोडून द्यायला नियमाचा आधार घेते आहे का, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही. अहवाल रद्द झाला म्हणून नवीन माणूस आला आणि त्याने दहा मार्क दिले, तर त्याला जबाबदार कोण?

शेवटी मी तक्त्यावर आडवी रेघ मारली आणि लिहिलं: पहिल्या दिवशीच ओळख उघड झाली, अहवाल रद्द धरावा. मग दुसरा कोरा कागद घेतला. त्यावर मार्क लिहिले नाहीत. एक बाई सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटी उभी असते, दुसरी जागा दीड वर्ष रिकामी आहे, दुपारचं दूध पहाटेचं असतं, आणि पंचवीस मिनिटं शटर बंद असतं ते कशासाठी, हे सगळं साध्या भाषेत लिहिलं. खाली सही केली.

निखिलचा फोन आला. "मावशी, हे तुला कोणी विचारलंच नव्हतं."

"माहीत आहे. तरी पुढे पाठव."

"पाठवतो. पण ते कोणी वाचेल असं वाटत नाही. आणि तुला आता हे काम देता यायचं नाही."

महिनाभर काहीच कळलं नाही. रमिलाचा नंबर मी घेतला होता, पण फोन करायची हिंमत होत नव्हती. मग एका दुपारी तिचाच आला.

"बाई, दुपारपुरती एक बाई दिली आहे," ती म्हणाली. "कालपासून मी बसून जेवते."

"माझ्या कागदामुळे?"

"कुठला कागद? साहेब म्हणाले, सगळ्याच दुकानांत देतायत."

कागदाचं तिथेच सोडून मी विचारलं, "आणि नवीन कोणी येऊन गेलं का, तपासायला?"

"आला होता एक जण. चष्मेवाला. किती दिले माहीत नाही. मी अजून इथेच आहे, म्हणजे मधलेच असतील."

आईचे डोळे कसे आहेत विचारलं. ऑपरेशनची तारीख मिळाली होती. मग फोन ठेवायच्या आधी मी जे महिनाभर मनात घोळवत होते ते विचारून टाकलं.

"रमिला, त्या दिवशी तुला माझा राग आला होता का?"

"आला होता ना," ती म्हणाली. "दोन दिवस होता. मग भात झोडायला काढला, त्यात रागवायचं राहून गेलं."